चार नंबरच्या बाळंतिणी

१८ सप्टेंबर २०२४, बुधवार

ही डायरी बियाण्याच्या कंपनीची, मागच्या सालची. दाजींनी, आक्काच्या नवऱ्यानं दिली. छापलेल्या तारखा खोडून मी माझ्या टाकणार. उंदीरघरात एक रजिस्टर आहे, त्यात रोज तीन ओळी लिहायच्या: पाणी दिलं, खाणं दिलं, भुसा बदलला. खाली सही. त्यात मनातलं लिहिता येत नाही, म्हणून ही.

आज उंदरांची पेटी आली. चार आठवड्यांची पिल्लं, पांढरीशुभ्र. तेजश्री मॅडम इथं फार्मसी कॉलेजात शिकवतात आणि पीएचडी करतात. उंदराच्या माद्यांना थानाची गाठ आणायची आणि मग एका झाडपाल्याच्या अर्कानं ती थांबती का बघायचं, असा त्यांचा प्रयोग आहे. त्यांना नुसत्या माद्या पाहिजे होत्या, पण पाठवणाऱ्यानं नर मिसळून दिले. मॅडम म्हणाल्या, "दीपमालाताई, शेपटी उचलायची आणि खालचं अंतर बघायचं. जास्त असेल तो नर." एवढं सांगून त्या तासाला गेल्या.

म्हाळूमामा, आमचा वॉचमन, तिथंच खुर्ची टाकून बसलेला. आता साठीच्या बाप्यासमोर मी एकेकाची शेपटी उचलून बघत बसू का? चार बघितले आणि मला लाज वाटली. उरलेले तोंडाकडं बघून वाटले. नाजूक ती मादी, दांडगा तो नर. माणसात चालतं तसं. एकतीस माद्या निघाल्या, चार नर. पाच पिंजऱ्यांत पाच-पाच टाकल्या आणि चार नंबरच्यात सहा.

"नीट बघितलं ना?" मॅडमनी विचारलं.

"हो," म्हणलं. नोकरी लागून आठवडा झालेला. नाही कसं म्हणणार?

३० ऑक्टोबर, बुधवार

कॉलेजला दिवाळीची सुट्टी. मॅडम सासरी गेल्या, अठरा तारखेला येणार. म्हणजे उंदीर आणि मी.

चार नंबरच्या पिंजऱ्यात पाच जणींची पोटं टम्म झालीत. सहावा एकटाच सडसडीत, मजेत हिंडतोय. अगं बया! शेपटी उचलून बघितली. नर. त्याला लगेच नरांच्या पिंजऱ्यात टाकला, आणि तिथलं एक म्हातारं झाल्यागत मलूल पडलेलं होतं ते सकाळीच मेलं, ते बरंच झालं. रजिस्टरात लिहिलं: पिंजरा क्रमांक चार, एक मृत.

पहिल्यांदाच खोटं लिहिलं. खाली रोजच्यासारखी सही केली.

३ नोव्हेंबर, रविवार

व्याल्या. पाचही जणी, कालपासून आज दुपारपर्यंत. पहिलीला नऊ. सगळी मिळून त्रेचाळीस. शेंगदाण्याएवढी लालबुंद पिल्लं, कातडीतून पोटातलं दूध दिसतंय.

मला भीती वाटायला पाहिजे होती. नोकरी गेली तर परत आक्काच्या दारात. पण खरं लिहायचं तर मला लई आनंद झाला. गेवराईला आठ वर्षं नांदले, मूल झालं नाही. जावेच्या दोन्ही बाळंतपणांत मला खोलीच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, माझी सावली नको म्हणून. मग एक दिवस नवऱ्यानं आणून सोडलं. सगळ्या जगात एकटी माझी आक्का, तिनं तिन्ही लेकरं न्हाऊ घालून आधी माझ्या मांडीवर दिली. तिची सासू बोलली तर म्हणायची, "माझ्या लेकराला मावशीची दिष्ट लागत न्हाई."

बाळंतीण उपाशी ठेवू नये. घरी हाळीव होता, गुळाच्या पाण्यात भिजवून बशीत ठेवला. पाचही जणींनी बशी चाटूनपुसून साफ केली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज पाचवी. आमच्यात सटवाई पुजत नाहीत. आजोबांनी छप्पन साली सगळे देव ओढ्यात सोडले. तरी आई पाचवीला बाळाच्या उशाशी कोरा कागद अन् पेन ठेवायची. म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, कागदानं कुणाचं काय वाकडं व्हतंय?" मी पण ठेवलं. दुसरा कागद नव्हता, रजिस्टरच ठेवलं पिंजऱ्यापाशी. मला माझंच हसू आलं.

हाळीव, थोडं तूप, खारकेचा चुरा. जावेला जे करून घालायला मला मिळालं नाही ते सगळं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

बारा दिवस झाले. मॅडम सोमवारी येणार. म्हाळूमामानं पिल्लं बादलीत घेतली, वर फडकं टाकलं. "उसात सोडून येतो," म्हणला. मी "बरं" म्हणलं. तो माळाच्या बाजूला गेला, उसाकडं नाही. वर घारी फिरत होत्या.

दिवसभर पाचही जणी भुसा उकरत होत्या. रजिस्टरात लिहिलं: सर्व ठीक.

५ डिसेंबर, गुरुवार

आज मॅडमनी सगळ्या तीसजणींना ते रसायन दिलं, ज्यानं गाठी येतात. परवानगीचे कागद अडकले म्हणून उशीर झाला. एक ते तीन नंबरच्या पिंजऱ्यांना रोज अर्क द्यायचा. चार, पाच, सहाला काहीच द्यायचं नाही, म्हणजे फरक कळंल. दर गुरुवारी प्रत्येकीचं अंग चाचपायचं. मॅडमनी माझी बोटं धरून शिकवलं: "दाबायचं नाही. नुसतं फिरवायचं. गाठ असेल तर बोटच थांबतं."

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

आक्काकडं गेले. तिचं गाव कॉलेजपासून तीन कोसावर, लिंबागणेशच्या पलीकडं. न्हाताना म्हणली, "दिपे, पाठ चोळ." चोळता चोळता हात बगलेखालून पुढं गेला आणि माझं बोट थांबलं.

डावीकडं. वाटाण्याएवढी, घट्ट, सरकत नाही.

"काय झालं गं? चोळ की," आक्का म्हणली.

"काई न्हाई," म्हणलं. तांब्यानं पाणी घातलं. मग पुन्हा बोट फिरवलं. थांबलं.

१० मार्च, सोमवार

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. कॅन्सरच. पण लहान आहे, वेळेत आलात, थान काढावं लागेल, पुढं इंजेक्शनं, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. ऑपरेशनची तारीख आठ एप्रिल.

आक्का बाहेर येऊन बाकावर बसली ती उठेचना. "मी न्हाई कापून घेणार," म्हणली.

तिचंही खरं आहे. बारा वर्षं दाजींबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला गेली. सव्वीस वर्षांची असताना अंगावरून जायला लागलं, तेव्हा एका डॉक्टरनं सांगितलं, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. तिच्या टोळीतल्या सात बायांना तेच सांगितलं. सातजणींच्याही पिशव्या काढल्या. तेव्हापासून कंबर गेली, कोयता सुटला.

"तवा कॅन्सरचं भ्याव घालून पिशवी नेली," आक्का म्हणली, "आता थान न्या. मंग काय ऱ्हाईल गं माझं? नुसतं कुंकू?"

दाजी म्हणाले, "रोहिणी, ह्यावेळेस खरं हाय."

"तवा बी तुमी हेच म्हणलते."

निवृत्तीदाजींनी पाण्याची बाटली उघडून तिच्यापुढं धरली. चांगला माणूस आहे. आता दूधसंकलनाचा टेम्पो चालवतात, रोज सकाळी कॉलेजच्या गेटवरून जातात.

३ एप्रिल, गुरुवार

आज मॅडम रडल्या. चार महिन्यांची मोजणी झाली. अर्क दिलेल्या पंधराजणींपैकी बाराजणींना गाठी. पाच आणि सहा नंबरच्या दहाजणींपैकी नऊजणींना. आणि चार नंबरला एकही नाही. पाचही जणी चिकण्या, अंगावर तुकतुकी.

"अर्क दिला त्यांना झालं, आणि काहीच दिलं नाही तो अख्खा पिंजरा कोरा," मॅडम म्हणाल्या. "काही जातीच्या उंदरांना गाठ येतच नाही, जन्मतःच. तसं असतं. पण हे सगळे एकाच जातीचे, एकाच पेटीतले, एकच रसायन. मग हेच पाच का?"

मी बाटल्या धूत होते. हात तिथंच थांबले. चिमूटभर तूप-खारीक सोडली तर ह्या पाचजणींना मी दिलं, बाकीच्यांना नाही, असं एकच काहीतरी आहे.

हाळीव.

बोलले नाही. बोलले असते तर पिल्लांचं सांगावं लागलं असतं आणि नोकरी गेली असती. तेवढंच कारण नव्हतं, हेही लिहून ठेवते. हे माझं होतं. ज्या बाईच्या हातचं बाळंतपणात कुणी पाणी घेत नव्हतं, तिच्या हातच्या खाण्यानं पाच जीव वाचले होते. ते मला मॅडमच्या कागदावर जाऊ द्यायचं नव्हतं.

७ एप्रिल, सोमवार

अर्ध्या दिवसाची रजा काढून आक्काकडं गेले. उद्याची तारीख. दाजींनी पिशवी भरून ठेवलेली, गाडी सांगितलेली. आक्का भिंतीकडं तोंड करून निजलेली.

मी म्हणलं, "दाजी, उद्या नका जाऊ. तीन महिने थांबा."

"कावून?"

मग मी सांगितलं. पिल्लांचं नाही. एवढंच की आमच्याकडं पाच माद्यांना हाळीव घातला, त्यांना रसायन देऊनही गाठ आली नाही. स्वतःच्या डोळ्यानं बघितलं, मॅडमनी मोजलं.

दाजींनी बराच वेळ टोपी हातात फिरवली. "दिपे, तू शिकल्याली हायस, रोज त्यातच हायस. पण डॉक्टर म्हणले, उशीर करू नका."

"लहान हाय अजून. तीन महिन्यांनी काय व्हतंय? फरक न्हाई पडला तर मी स्वतः घेऊन जाते."

आक्का उठून बसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली. "काय ते हाळीवच तर हाय. इख न्हाई ना? तीन बाळंतपणं खाल्लाय मी." मग दाजींकडं बघून म्हणली, "माझी भन म्हणती तर म्हणती."

दाजींनी भरलेली पिशवी उलटी करून लुगडी परत खुंटीला लावली. मी ते बघत होते आणि मला बरं वाटत होतं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीला आक्काच्या वस्तीवर गेले. आक्का पांढरं लुगडं नेसून मिरवणुकीत पुढं. निळा गुलाल कपाळभर. माझ्या कानात म्हणली, "लई हलकं वाटायलंय बघ."

रोज सकाळी खिरीचा डबा दाजींच्या टेम्पोत देते. हाळीव, दूध, गूळ, खोबरं. दुसऱ्या दिवशी दाजी कालचा डबा परत देतात. आक्का रिकामा डबा कधी धाडत नाही. कधी चार चिंचा, कधी मूठभर शेंगा, परवा तर एक कांदा होता. "रिकामा डबा धाडू न्हाई, घर रिकामं व्हतं," असं आमची आई म्हणायची, ते आक्कानं धरलंय.

११ मे, रविवार

आक्काला म्हणलं, दाखव. म्हणली, "दाखवायचं काय त्यात? वाटाण्याची मोहरी झालीय." बोट फिरवू दिलं नाही. "पोरं हायती घरात, तुला काई लाज?" पोरं तर कधीची पुण्याला, कंपनीत. पण जोरात हसली, खीर पुढ्यात बसून सगळी खाल्ली, वाटी बोटानं पुसून खाल्ली. आता लुगड्यावर दाजींचा सदरा घालती, रानात जाताना घालतात तसा. उन्हानं अंग भाजतं म्हणे.

इकडं दोन नंबरमधल्या तिसरीला मी दोन आठवडे गुपचूप हाळीव घातला. तिची गाठ लिंबाएवढी होती ती मोसंबीएवढी झाली आणि काल ती मेली. पण तिला उशिरा दिला ना. चार नंबरच्यांना आधीच दिला होता. आक्काची लहान असतानाच सुरू केलाय. फरक आहे. दोन-तीनदा मनात आलं की आक्कालासुद्धा गाठ आल्यावरच दिलाय. मग भुसा बदलायला घेतला.

१२ जून, गुरुवार

चार नंबर कोराच. मॅडम आता त्या पिंजऱ्याकडं बघतसुद्धा नाहीत, राग आल्यासारखं करतात.

आक्का हल्ली लई भाविक झालीय. घरात पाऊल टाकलं की बुद्धाच्या फोटोपाशी उदबत्त्या, दारापाशी उदबत्त्या, खाटेच्या उशाशीसुद्धा. मी म्हणलं, "आक्का, विहार करतीस का घराचा?" तर म्हणली, "म्हातारपण आलं, आता नको का नाव घ्यायला?" एकोणचाळीस वर्षांची बाई! डाव्या हातातल्या बांगड्या फुटल्या म्हणे, भरल्या नाहीत अजून. डब्यात मोगऱ्याची फुलं आली आज.

३ जुलै, गुरुवार

सगळं लिहिते. जमंल तसं.

मॅडमनी प्रयोग संपवला. उरलेल्या सगळ्या माद्या भूल देऊन मारल्या, उघडून बघायच्या होत्या. चार नंबरची पहिली ताटलीत होती. मॅडम बराच वेळ वाकून बघत होत्या. मग शांतपणे हाक मारली, "ताई, इकडे या."

चिमट्यानं आतलं उचलून दाखवलं. दोन बाजूंना दोन बारीक नळ्या, त्यांच्यावर ओळीनं काळपट ठिपके.

"ही गर्भाची पिशवी. जिथं पिल्लू चिकटलेलं असतं तिथं डाग राहतो. मोजा."

मी मोजले. नऊ. मला आठवलं, पहिलीला नऊच होती. पाचवीला रजिस्टर ठेवलं होतं, ते कोरं राहिलं. लिहिलं ते इथं आत लिहिलं होतं.

"ह्या व्याल्या होत्या?"

म्हणलं, "हो. पाचही. दिवाळीत." मग सगळं सांगितलं, शेपट्यांचं, लाजेचं, बादलीचं. मला वाटलं आता ओरडतील. त्या स्टुलावर बसल्या आणि हसायलाच लागल्या, हसता हसता डोळ्यांत पाणी.

"अहो ताई, हे पुस्तकात आहे. कित्येक वर्षांपासून. लहान वयात व्यालेल्या मादीचं थान पक्कं होतं, मग त्या रसायनाचं तिथं फारसं चालत नाही. म्हणून आम्ही नर बाजूला काढतो. मला तेव्हाच सांगितलं असतं तर पाच उंदीर वाया गेले असते, बस. दुसरे पाच मागवले असते."

"आन् हाळीव?" मी विचारलं.

"कसला हाळीव?"

सांगितलं.

"त्याचा काही संबंध नाही, ताई. एखादा आठवडा हाळीव खाऊन काय होणार?"

 म्हणलं, "आन् बाईमाणसात? तीन बाळंतपणं झाल्यात, पहिलं सतराव्या वर्षी."

"बायकांमध्ये धोका जरा कमी होतो, एवढंच. होणारच नाही असं नसतं. माणसाचं उंदरासारखं सरळ नाही." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "कोणाचं विचारताय?"

आक्काचं सांगितलं. आठ एप्रिलचं सांगितलं. मॅडम बोटांवर महिने मोजायला लागल्या आणि मधेच थांबल्या. "आत्ता जा," म्हणाल्या. "रिक्षा करून जा."

गेले. आक्का खाटेवर होती. काही न बोलता सदऱ्याच्या गुंड्या काढायला लागले, ती हात धरायला लागली, उजव्या हातानं नुसतं. डावा सुजून खांबासारखा. मग तिनंच हात सोडला.

जखम झाली आहे. तळहाताएवढी. दाजींची जुनी बनियन फाडून घड्या करून लावलेल्या. उदबत्त्या कशाला होत्या ते कळलं.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"मे लागला तवापासनं."

"मंग बोलली कावून न्हाईस, आक्का? कावून न्हाई बोललीस?"

ती गुंड्या लावत होती, एका हातानं लागत नव्हत्या. म्हणली, "तू रोज डबा धाडायचीस. इतकी खुशीत असायचीस बघ. सासरी तुला कुणी चुलीपाशी येऊ दिलं न्हाई. म्हणलं, माझ्या भनीला येकदा तरी वाटू दे की तिच्या हाताला गुण हाय."

मी गुंड्या लावून दिल्या.

१५ जुलै, मंगळवार

काळजात, हाडात सगळीकडं गेलंय. ऑपरेशनचा आता उपयोग नाही. दुखू नये म्हणून गोळ्या देतील.

डॉक्टरनी विचारलं, "एप्रिलची तारीख दिली होती. इतके दिवस कुठे होतात?"

मी तोंड उघडलं होतं. दाजींनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "माझ्या कामानं ऱ्हाईलं, साहेब. माझीच चुकी."

बाहेर आल्यावर म्हणलं, "दाजी, मला शिव्या द्या. मारा, पण असं करू नका." तर म्हणाले, "शिव्या देऊन काय ती माघारी येणार हाय का?" आणि चहा सांगायला गेले. तीन चहा सांगितले, आक्काचा बिनसाखरेचा. तिला साखर लागती हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा विसरले.

७ ऑगस्ट, गुरुवार

मॅडमनी माझी तक्रार केली नाही. त्यांचा अर्क काही कामाचा नाही, तीन वर्षं वाया गेली, तरी माझीच विचारपूस करतात, त्याची जास्त लाज वाटती. म्हणाल्या, फक्त रजिस्टर दुरुस्त करा. मी मागची पानं काढून लाल पेनानं लिहिलं: ३ नोव्हेंबर, पिंजरा चार, पाच माद्या व्याल्या, पिल्ले त्रेचाळीस. खाली सही. शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा असतो. "काय लिहू?" विचारलं. म्हणाल्या, "राहू द्या."

१४ सप्टेंबर, रविवार

आक्काला सगळं सांगितलं. पिल्लांचंही. तिला हे सोडून दुसरं काही द्यायला माझ्याकडं नाही.

तिनं विचारलं, "किती झालती म्हणलीस?"

"त्रेचाळीस."

"अगं माय! आन् समद्यायचं बाळंतपण तू केलंस?" हसली. हसताना दुखतं तिला. मग म्हणली, "त्या व्याल्या म्हणून वाचल्या. मी बी व्यालेच की गं, तीन टाईम. मंग मलाच कावून?"

मॅडमनी सांगितलं होतं तेच सांगितलं, की माणसाचं तसं नसतं. तिनं मान हलवली. समजल्यासारखी नाही, लहान लेकराचं बोलणं ऐकून घ्यावं तशी.

"हाळीव आणला न्हाईस?"

"आता कशाला आक्का? त्यानं काई व्हत न्हाई."

"मला ठाव हाय. तोंडाला चव येती त्याच्यानं. कर."

केली. खिरीचे दोन चमचे खाल्ले. तिसरा माझ्याकडं बघून खाल्ला, तो मला दिसला. एवढे महिने ती कशी खात असंल ते आज दिसलं. तरी मी चौथा भरला. तिनं तोही खाल्ला. मी आहेच असली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन, वस्तीवर वंदना झाली. आक्काला खाट बाहेर काढून दिली होती. काही कळत नव्हतं तिला. मला "आई" म्हणली दोनदा. मी ओ दिली.

रोज डबा देते दाजींकडं. ती खात नाही आता, पण देते. नाही दिला तर दिवस सुरू होत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आक्का गेली, सकाळी साडेनऊला. दाजींचा टेम्पो गेटवर आला नाही तेव्हाच कळलं. डबा माझ्या हातात होता.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आक्काचा जलदानविधी झाला. पोरं आली होती. थोरल्यानं विचारलं, "मावशी, एप्रिलला ऑपरेशन करायचं ठरलं होतं ना?" मी सांगायला सुरुवात केली तर दाजी म्हणाले, "तिनंच नको म्हणलं, तुझ्या आईनं." खोटं नाही ते. खरंही नाही.

सगळे जेवले. भांडी मी घासली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नवे उंदीर आले. मॅडम म्हणाल्या, "ताई, जमेल ना? नसेल तर मी करते."

"जमंल," म्हणलं. म्हाळूमामा खुर्ची टाकून बसला होता. एकेक उचललं, शेपटी वर करून दोनदोनदा बघितलं. चाळीस होते. माद्या छत्तीस, नर चार. रजिस्टरात तसंच लिहिलं. नीट बघायला एकूण पाऊण तास लागला. एवढंच काम होतं ते.

९ नोव्हेंबर, रविवार

दाजी आले होते. टेम्पो परत सुरू केलाय. हातात माझा डबा, शेवटचा, जो त्या घरी राहिला होता. राखेनं घासून, उन्हात वाळवून आणलेला, लख्ख.

"सापडला फळीवर," म्हणाले. "म्हणलं देऊन यावं."

हातात घेतला. हलका लागला. तरी मी झाकण उघडून बघितलं. पुरुषमाणसाला काय ठाव असणार की रिकामा धाडू नये. आत काही नव्हतं.

झाकण लावलं आणि म्हणलं, "बसा दाजी, चहा टाकते."